सूचना क्रमांक सात

खोलीत दोन पलंग होते, दोन गाद्या, चार उशा आणि चार रजया. केरमानची थंडी लक्षात घेऊन माणशी दोन. शिवाय चहाचा एक समोवर, सहा पेले, सहा बश्या, साखरेच्या खड्यांचं एक भांडं, घरात घालायच्या चपलांचे तीन जोड, एक आरसा आणि दाराशेजारी भिंतीवर एक तापमापक. पेले मुळात बारा होते. उरलेले सहा अताउल्लाह रावरी यांच्या पत्नीने, माहीनने, संसाराच्या तेहतीस वर्षांत एकेक करून फोडले होते, आणि प्रत्येक वेळी रावरींनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसता आकडा सांगितला होता. "आठ राहिले." "सात राहिले." सहा राहिले तेव्हा माहीन गेली. त्यानंतरच्या दोन वर्षांत एकही पेला फुटला नाही.

तापमापक चौदा अंश दाखवत होता. पाहुणे शून्य.

रावरी एकतीस वर्षं हवामान केंद्रात निरीक्षक होते. रोज सकाळी साडेसहाला जाऊन पाऊस मोजायचा हे त्यांचं काम. केरमानला पाऊस जवळजवळ पडतच नाही, त्यामुळे त्यांची बहुतेक नोकरी शून्य मोजण्यात गेली. पण शून्य मोजायलाही वेळेवर जावं लागतं, हे लोकांना कळत नाही, असं ते म्हणत. माहीनचं ऑपरेशन होतं त्या एका सकाळी ते गेले नव्हते. त्या दिवसाची चौकट त्यांनी कोरी सोडली. साहेब म्हणाले, "अहो, शून्य लिहा, आकाश कोरडं ठणठणीत होतं." रावरी म्हणाले, "मी बघितलं नाही." ती चौकट अजून कोरी आहे. गल्लीत त्यांना मोहंदेस म्हणत, म्हणजे इंजिनियर. ते इंजिनियर नव्हते, पण ज्याला गणित येत असावं असा संशय असतो, त्याला गल्ली मोहंदेस म्हणते आणि मग सुटका नसते.

खोली पाहुण्यांसाठी मांडण्यामागे तेहरानमधली मुलगी होती, गुलनूश. म्हणजे कल्पना तिची नव्हती, धमकी तिची होती.

"बाबा, त्या एवढ्या घरात तुम्ही एकटे काय करता? इथे लिफ्ट आहे, हीटर आहे, मी आहे."

"माझ्या खोलीतून आकाश किती दिसेल?"

गुलनूश खिडकीशी गेली असावी, कारण जरा वेळाने उत्तर आलं. "समोरच्या बिल्डिंगच्या वर एक वीत."

घराला गिऱ्हाईक तिने आधीच बघून ठेवलं होतं. पाडून पाच मजले चढवणारं. बऱ्याच फोननंतर असं ठरलं की रावरींनी ही खोली परदेशी प्रवाशांना द्यावी. पर्यटनाच्या कार्यालयातून सहा महिन्यांचा कच्चा परवाना मिळतो. इराणी वर्ष मार्चमध्ये संपतं; त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत नोंदवहीत पाहुण्यांचे तीस मुक्काम भरले, की तो पक्का होतो. पक्का झाला तर गुलनूश घर विकण्याचा विषय काढणार नव्हती. नाही झाला तर नव्या वर्षाच्या सुट्टीत ती येऊन सामान बांधणार होती.

"तीस म्हणजे तीस हं, बाबा. मी तुमचीच मुलगी आहे."

या कराराबद्दल रावरींनी गल्लीत अवाक्षर काढलं नाही. अडचण सांगणं म्हणजे मदत मागणं, आणि मदत मागितली की गल्ली ती करते. मग तोंड लपवत फिरावं लागतं.

कार्यालयात सालारी नावाचे कारकून होते. त्यांनी एक छापील फॉर्म पुढे केला. पाहुण्यांच्या खोलीत 'प्रवाशांसाठी व्यावहारिक सूचना व स्थानिक रीतिरिवाज' लावणं सक्तीचं होतं. सूचना घरमालकाने लिहायच्या, कार्यालयाने शिक्का मारायचा.

दुसऱ्या कोणी हे काम चहाचा पेला संपेपर्यंत उरकलं असतं. रावरींनी आधी निरीक्षणं घेतली. गल्लीच्या तोंडाशी नानवाईचं, म्हणजे रोट्या भाजणाऱ्याचं, दुकान आहे, तिथे ते वही घेऊन सहा दिवस उभे राहिले. कोण कोणाला रांगेत पुढे जा म्हणतो, किती वेळा म्हणतो, समोरचा किती वेळा नको म्हणतो आणि शेवटी कोण जातो. एकूण एक्केचाळीस प्रसंग. नकारांची सरासरी दोन पूर्णांक नऊ दशांश. एका प्रसंगात दोन म्हातारे एकमेकांना इतका वेळ पुढे ढकलत राहिले की भट्टीच बंद झाली. तो प्रसंग रावरींनी हिशेबातून वगळला, कारण त्याला शेवट नव्हता.

त्यातून नऊ सूचना तयार झाल्या. बूट दाराबाहेर काढावेत. कोणाकडे पाठ करून बसावं लागलं तर आधी माफी मागावी. भेट म्हणून मिठाई न्यावी, पण यजमान ती तुमच्यासमोर उघडणार नाही, त्याचा राग मानू नये. अशा. सातवी सूचना त्यांच्या मते शास्त्रीयदृष्ट्या सर्वांत भक्कम होती: 'रस्त्यात कोणी "आमच्या घरी चला" म्हणाले, तर ती रीत असते. छातीवर हात ठेवून तीनदा नकार द्यावा. चौथ्यांदा आग्रह झाला, तरच तो खरा समजावा.'

फॉर्म द्यायला ते गेले तेव्हा कार्यालयाच्या दारात समोरून एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ आले. "आपण पुढे व्हा." "छे, आपण." "आपण वडील आहात." "मोठेपण आपलं." ज्या विषयावर रावरींनी सहा दिवस अभ्यास केला होता, त्यात ते स्वतः किती हतबल होते हे तिथे दिसून आलं. दोघे आत शिरले तेव्हा एक वाजून दोन मिनिटं झाली होती आणि खिडकी बंद होती. ते गृहस्थ म्हणाले, "बघा, आपण आधी गेला असता तर आपलं तरी काम झालं असतं." फॉर्म दुसऱ्या दिवशी गेला.

"नऊच?" सालारी म्हणाले. "ओळी पंधरा आहेत."

"उरलेल्या ओळींवर रेघ मारतो."

"रेघ मारली की फॉर्म रद्द होतो. आणि हे काय, सातवी दोन ओळींत गेलीय. एका सूचनेला एक ओळ."

"पण चौथ्यांदाचा भाग महत्त्वाचा आहे."

"मोहंदेस, महत्त्वाचं सगळंच असतं. ओळ एक आहे." सालारींनी पेनने 'चौथ्यांदा'पासून पुढचं खोडलं आणि उरलेल्या जागेत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'तिसऱ्या नकारानंतर विषय संपतो.' "आणि गल्लीतल्या तीन घरांच्या सह्या आणा. रिवाज गल्लीचे, मग गल्लीला नकोत का पटायला?"

उरलेल्या सहा ओळी आणि तीन सह्या एकाच फेरीत मिळतील, असा रावरींचा अंदाज होता. हवामानाच्या अंदाजांचं नंतर काय होतं ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार.

औषधांचं दुकान चालवणारे तहमास्ब आगा म्हणाले, "लिहा, पोट बिघडल्यास तहमास्ब यांच्या दुकानात जावे." रावरी म्हणाले, हा रिवाज नव्हे. तहमास्ब म्हणाले, "परदेशी माणूस इथे येऊन दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येतोच. ज्यात अपवाद नाही तो रिवाज, ही तुमचीच व्याख्या." ती दहावी सूचना झाली. सही मिळाली.

नंतर समोरचं घर. चौदा पावलं. तिथे सफदर आगा आणि हेश्मत खानुम राहत. सफदर आगांनी अकरावी सूचना दिली: 'ताट रिकामे करू नये, नाहीतर पुन्हा वाढतात.' बायको ऐकत होती तरी दिली, म्हणून रावरींना त्यांच्याबद्दल आदर वाटला. हेश्मत खानुमनी चष्मा लावून कागद पहिल्यापासून वाचायला घेतला. सातव्या सूचनेवर त्यांचं बोट थांबलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी. शेवटचा भाग सालारींनी."

"म्हणजे मी जेव्हा कोणाला घरी या म्हणते तेव्हा ते खोटं असतं."

"खोटं नाही, खानुम. रीत असते. मी एक्केचाळीस वेळा मोजलं."

"मोजलं." त्यांनी चष्मा काढला. "माहीन गेल्यावर मी तुमच्या दारात आले होते. म्हटलं, मोहंदेस, आमच्यात जेवायला या. तेही मोजलं होतंत?"

रावरींनी मोजलं होतंच. त्यांच्या डोक्यात आकडे आपोआप साठतात, त्यात त्यांचा दोष नाही. शेवटी म्हणाले, "तुम्ही तीनदा विचारलंत."

"आणि तुम्ही तीनदा नको म्हणालात."

"चौथ्यांदा नाही विचारलंत."

"चौथ्यांदा विचारायला तोंड उघडलं तेव्हा तुम्ही दार लावून घेतलं होतं."

सफदर आगा उठून बागेला पाणी द्यायला गेले. बाहेर चार अंश होतं आणि बागेत एकच डाळिंबाचं झाड होतं, तेही निष्पर्ण. हेश्मत खानुमनी सही केली. अक्षर मोठं होतं, नेहमीपेक्षा. म्हणाल्या, "लावा तुमचा कागद. बघू, या गल्लीतलं बोलावणं खरं असतं की रीतीचं."

तिसरी सही आणि उरलेल्या चार सूचना सफदर आगांच्या भावाकडून आल्या. त्यातल्या तीन हेश्मत खानुमच्या पाककृती होत्या. सालारींनी सगळं तपासून शिक्का मारला.

नोंदवहीची मांडणी रावरींनी स्वतः आखली: तारीख, नाव, देश, रात्रीचं किमान तापमान, मुक्काम. मुक्कामाची व्याख्या वर लाल शाईने: 'पाहुणा या छपराखाली झोपला पाहिजे.' ही व्याख्या करताना त्यांना समाधान वाटलं होतं.

पोर्तुगालचं एक जोडपं पहिल्यांदा आलं, चार रात्रींसाठी. पहिली रात्र नीट झोपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेड आणायला म्हणून गल्लीत गेलं आणि हेश्मत खानुमनी त्यांना घरी चला म्हटलं. त्यांनी तीनदा नकार दिला, अगदी सूचनेप्रमाणे. हेश्मत खानुमनी चौथ्यांदा, पाचव्यांदा आणि सहाव्यांदा म्हटलं आणि बाईंचा हात धरला. जोडपं तीन रात्रींनी सामान न्यायला परत आलं. पोर्तुगीज नवरा थोडा जाडही झाला होता.

गल्लीला मग चेवच चढला. तहमास्ब आगांनी एका जपानी पेन्शनरला पुतणीच्या लग्नाला माहान गावी नेलं. तीन दिवस. परत आला तेव्हा त्याच्या अंगावर कोणाचा तरी कोट होता. सफदर आगांच्या भावाने एका डच मुलाला शेतावर नेऊन जिरं निवडायला बसवलं, आणि त्याला ते आवडलं. ज्यांनी दोन वर्षांत कोणाला साधं चहाला बोलावलं नव्हतं असे गल्लीतले लोकही पाहुण्यांना रस्त्यात अडवू लागले. कोणाचंच बोलावणं रीतीचं राहिलं नाही. सूचनांचा कागद खोलीत भिंतीवर शिक्क्यासह लटकत होता आणि त्याखाली पाहुण्यांच्या पिशव्या झोपत होत्या.

पिशव्यांचा प्रश्न रावरींनी गंभीरपणे विचारात घेतला. छपराखाली सामान होतं. भाडं दिलेलं होतं. पण व्याख्येत 'पाहुणा' असा शब्द होता, 'सामान' असा नव्हता, आणि व्याख्या त्यांचीच होती. पिशव्या एकूण चौतीस रात्री झोपल्या. पाहुणे, त्या मानाने, कमी.

सालारी एकदा म्हणाले, "शेजाऱ्याकडे झोपला तर काय, पाहुणा तुमचाच ना? लिहून टाका."

"मी बघितलं नाही."

"काय बघितलं नाही?"

"त्याला झोपलेला."

गुलनूश फोनवर म्हणाली, "बाबा, किती झाले?" "सव्वीस." आठवड्याने, "सत्तावीस." मग इस्फंदच्या, म्हणजे वर्षाच्या शेवटच्या महिन्याच्या, तिसऱ्या आठवड्यात एक आजारी बेल्जियन आला. त्याला तहमास्ब आगांनीच सक्तीने खोलीत झोपवलं, दोन रात्री, सूचना दहानुसार. एकोणतीस. गुलनूश मग म्हणाली, "एकच तर राहिला. कोणी ना कोणी येईलच." तिचा आवाज मात्र नाराज नव्हता, हे रावरींच्या लक्षात आलं. तिलाही तो एक यावा असं वाटत होतं की काय, हे तपासायला त्यांच्याकडे उपकरण नव्हतं.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारी अडीचला गाबोर आला. बुडापेस्टचा, तेवीस वर्षांचा, चार वर्षं फारसी शिकलेला, अंगाने काडी. बूट बाहेर काढले. रावरींकडे पाठ झाली तर माफी मागितली. भिंतीवरचा कागद त्याने उभ्याने दोनदा वाचला, मग वही काढून सगळा उतरवून घेतला.

"फार उपयोगी आहे, आगा. पुस्तकात असं आकड्यांत कुठे नसतं."

चार महिन्यांत त्या कागदाचं कोणी केलेलं हे पहिलं कौतुक. रावरींनी त्याला चहा दिला. पेला घेताना गाबोरने छातीवर हात ठेवला, दुसरा हात पुरला नाही आणि पेला फरशीवर पडला.

"पाच राहिले," रावरी म्हणाले.

त्यांना म्हणायचं नव्हतं. तोंडातून गेलं. गाबोर कानापर्यंत लाल झाला, गुडघ्यांवर बसून काचा वेचू लागला आणि इतक्या वेळा क्षमा मागू लागला की मोजणं सोडून द्यावं लागलं. रावरी त्याला सांगत होते की काही नाही, होतं असं, मला बरंच वाटलं. पण बरंच वाटलं हे वाक्य तो रीत समजला. पाच वाजता तो म्हणाला, जरा गल्लीतून फिरून येतो.

साडेसहा झाले. रावरींनी समोवर लावला. दोन रजया उघडून ठेवल्या, एका उशीवर दुसरी ठेवली, मग काढली. सातला त्यांनी कोट चढवला आणि चौदा पावलं चालून हेश्मत खानुमचं दार वाजवलं.

आत जमिनीवर जेवणाचं दस्तरखान मांडलेलं होतं. वर्षअखेरचा हिरवा पुलाव, मासे, ताजा मुळा. गाबोर मध्ये बसला होता आणि त्याच्या ताटात तिसरा डाव पडत होता, कारण अकरावी सूचना त्याला अजून जमली नव्हती. बाजूला त्याच्यासाठी अंथरुणाची वळकटीही कोणीतरी काढून ठेवली होती.

रावरी दारातच उभे राहिले. "गाबोर आगा, खोली गरम केलीय. समोवर लावलाय. चला."

गाबोर उठला, छातीवर हात ठेवला. "आपली कृपा आहे. आपल्याला त्रास देणार नाही."

"त्रास कसला. मला आनंद आहे."

"आपण थोर आहात. मी आधीच आपला पेला फोडला."

"पेला गेला त्याचं काही नाही. या तुम्ही."

"आपली सावली माझ्यावर कायम राहो," गाबोर म्हणाला. उच्चार निर्दोष होते. तिन्ही नकार वेगवेगळ्या शब्दांत दिले होते, हे तर सूचनेतही नव्हतं. परीक्षक म्हणून रावरींनी त्याला मनातल्या मनात पैकीच्या पैकी दिले.

मग ते चौथ्यांदा म्हणाले, "गाबोर आगा, चला."

गाबोर गोंधळला. त्याने हळूच वही काढून पान बघितलं आणि नम्रपणे म्हणाला, "आगा, तिसऱ्यानंतर विषय संपतो."

सगळे हसले. सफदर आगा सर्वांत जास्त. "मोहंदेस, पोराने तुमच्याच कागदाने तुम्हाला गप्प केलं."

आता खरं काय ते सांगायचं, एवढंच राहिलं होतं. वाक्य लहान होतं. आज हा माझ्याकडे झोपला नाही तर माझं घर जातं. पण ते इथे, या दस्तरखानासमोर बोललं तर त्याचा अर्थ होणार होता की चार महिने तुम्ही सगळ्यांनी मिळून ते घालवलंत. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी, हेश्मत खानुम हातात डाव घेऊन उभ्या असताना. त्यांनी गाबोरच्या वळकटीकडे बघितलं. नवी चादर होती, इस्त्रीची घडी मोडलेली नव्हती.

"बरोबर आहे," रावरी म्हणाले. "संपतो."

"बसा, मोहंदेस. जेवा," हेश्मत खानुम म्हणाल्या.

"नको खानुम. घरी केलंय." केलं नव्हतं.

"बसा हो. मासा उरलाय."

"तुमच्यात पाहुणे आहेत."

"पाहुणा एकटाच आहे. बसा."

"पुन्हा कधीतरी."

 गाबोर वही मिटून बघत होता, काय होतं ते शिकायला. हेश्मत खानुमनी डाव पातेल्यात ठेवला, दारापर्यंत आल्या, आणि रावरींच्या मागे हात घालून दाराला आतून कडी लावली.

"बसा," त्या म्हणाल्या.

रावरींनी बूट काढले. गाबोर बाजूला सरकला. पुलाव त्यांना दोनदा वाढला गेला, कारण ताट रिकामं करू नये हे त्यांच्याही लक्षात राहिलं नाही. सफदर आगांनी विचारलं, नव्या वर्षात पाऊस होईल का. रावरी म्हणाले, सांगता येत नाही. मुलगी येतेय का सुट्टीत? येतेय, म्हणाले. किती दिवस? सामान बांधून होईपर्यंत, असं म्हणाले नाहीत. म्हणाले, आठवडाभर. हेश्मत खानुम म्हणाल्या, मग तिलाही घेऊन या, आणि हे मी एकदाच सांगतेय.

सकाळी साडेसहाला, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, रावरींनी नोंदवही उघडली आणि आदल्या दिवसाची ओळ भरली. किमान तापमान तीन अंश. पाऊस शून्य. एकूण मुक्काम एकोणतीस. पेले पाच.